धोंडूसाठी केलेला नियम

१७ फेब्रुवारी १९९९, देवास

पत्र आलंच. ह्यांचा विभाग एप्रिलपासून बंद. मशीनं पीथमपूरच्या कारखान्यात जाणार आणि मशीनांच्या मागोमाग माणसं. राहायला धारला कंपनीची कॉलनी, तिथून रोज बस. नाही म्हणायची सोय नाही, निवृत्तीला चार वर्षं उरलीत. माझी शाळेतली नोकरी सुटणार, ते कुणी विचारलंही नाही.

पत्राबरोबर कॉलनीच्या नियमांचे दोन कागद. नळाच्या वेळा, कचरा कुठे टाकायचा, गच्चीवर पापड वाळत घालू नयेत. अकरावा नियम असा की कॉलनीत अल्सेशियन कुत्रा पाळायला सक्त मनाई आहे, इतर कुत्र्यांना हरकत नाही.

दोनदा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. डॉबरमनचं नाव नाही, बुलडॉगचं नाही. फक्त अल्सेशियन. धोंडू माझ्या पायावर हनुवटी टेकून पडला होता. त्याला काय कळतंय, मी ‘अरे देवा’ म्हटल्यावर शेपटी हलवली.

खाली सही : सचिव, रहिवासी समिती, व. ग. पाटणकर.

१८ फेब्रु.

हे म्हणतात, तू उगाच संशय घेतेस. उगाच? पाटणकर (यापुढे नुसतं पा., सबंध नाव लिहून शाई का वाया घालवू) सात वर्षं आमच्या शेजारी राहिले. सात वर्षं रोज पहाटे सोवळ्याचा कद नेसून, परडी घेऊन आमच्या कुंपणाच्या आत. जास्वंद, तगर, पारिजातक, कळ्यासुद्धा. देवाला वाहायची म्हणजे चोरी नाही असा त्यांचा हिशोब. मी एकदा म्हटलं, निदान दोन फुलं आमच्या देवाला ठेवा, तर म्हणाले, देव काय वेगळे आहेत का वहिनी.

९६ च्या जानेवारीत धोंडूने त्यांचा कद धरला. चावला नाही, एक ओरखडासुद्धा नाही. पण कद त्याच्या तोंडात राहिला आणि पा. परडी पुढे धरून रस्त्यात उभे. नेमकी पहिल्या पाळीची बस समोर थांबलेली. अख्खी बस हसली. मीही हसले, खोटं कशाला लिहू.

त्याच उन्हाळ्यात बढती घेऊन पा. धारला गेले. जाताना आमच्याकडे निरोप घ्यायला आले नाहीत. मला वाटलं, गेली ब्याद. माणूस तीन वर्षं डूख धरून बसला होता, आणि आमची बदली होणार असं आधी कुणाला कळलं असेल तर ते धारच्या ऑफिसात बसणाऱ्यालाच. धारच्या कॉलनीत एकाही घरी अल्सेशियन नाही, मी चौकशी केली. नियम धोंडूसाठीच केलेला आहे.

२१ फेब्रु., रविवार

आज स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

खरं असं की धोंडूचा बाप तेवढा अल्सेशियन, मोठ्या साहेबांच्या बंगल्यावरचा. आई कारखान्याच्या दोन नंबर गेटवरची तांबडी गावठी कुत्री. पाच पिल्लं झाली, चार गेली. हा उरला म्हणून चौकीदाराने माझ्या पदरात टाकला, आणि हाही जाऊ नये म्हणून मी आमच्या आजीच्या पद्धतीप्रमाणे दगडाचं नाव ठेवलं, धोंडू. दिसायला मात्र पुरा बापावर.

मी ह्यांना म्हटलं, फोन करा आणि सांगा, हा अल्सेशियन नाहीच, अर्धा गावठी आहे. ह्यांनी केला. पलीकडून पा. शांतपणे म्हणाले, “थांबा हं,” आणि मंडळाची ९५ सालची गणपतीची स्मरणिका आणून वाचायला लागले. त्यात माझा लेख. ‘आमचा धोंडू आई-बाप दोन्हीकडून अस्सल अल्सेशियन असून…’ रिसीव्हरमधून मलासुद्धा ऐकू येत होतं. पुढे ह्यांना इंदुरी थाटात म्हणाले, “वहिनींनी स्वतःच लिहिलंय, भिया. वहिनी शिक्षिका आहेत, खोटं कशाला लिहितील?”

का लिहिलं मी ते? त्या वर्षीच्या अंकात कुणाचं घराणं देवासच्या पवारांच्या दरबारातलं, कुणाचा मुलगा अमेरिकेत, कुणाच्या घरी दीडशे वर्षांचे देवांचे टाक. माझ्याकडे सांगण्यासारखं काय होतं? एक कुत्रा होता. त्याचं घराणं मी चढवून लिहिलं. गेटवरच्या त्या बिचारीचं नाव एका ओळीत लिहिलं असतं तर आज धोंडू आमच्याबरोबर धारला आला असता.

स्मरणिका जपून ठेवणारा माणूस आहे हा. हे लक्षात ठेवायचं.

२ मार्च

ह्यांनी हमीपत्रावर सही केली. ‘आम्ही कुत्रा आणणार नाही.’ मला न विचारता, ऑफिसातच, डबा खाताखाता. घरी येऊन सांगितलं ते चपला काढताना, माझ्याकडे पाठ करून.

मी भांडले नाही. भांडण झालं की ह्यांना मोकळं वाटतं. रोज दुधी करायचा ठरवलं आहे. दुधी ह्यांना नजरेसमोरही चालत नाही.

५ मार्च

तिसरा दुधी. गुपचूप खाल्ला. रात्रीच्या पोळीतला अर्धा तुकडा धोंडूला टेबलाखालून देत होते. मी पाहिलं नाही असं दाखवलं. अपराधी वाटतंय तर वाटू दे.

११ मार्च

इंदूरचे एक डॉक्टर धोंडूला घेणार होते, मी बंगला पाहून आले, साखळी भिंतीत ठोकलेली. नको म्हणून सांगितलं.

आज दूधवाल्याने मेहुणा आणला. रामसिंह, पीपलरावां गावचा, सोयाबीन आणि गहू, विहिरीजवळच घर. नीलगायी पीक खातात म्हणून धिप्पाड कुत्रा हवा. अंगणात उकिडवा बसला, धोंडूला बोलावलं नाही, हात लावला नाही, नुसता बसून राहिला. दहा मिनिटांनी धोंडू आपणहून जाऊन त्याच्या पागोट्याचा शेव हुंगायला लागला. मला तेवढ्यानेही राग आला. इतक्यात ओळख कशाला करायची?

“बेन, म्हारे यां बंध्यो नी रेगा,” रामसिंह म्हणाला. “खुल्लो फिरेगा.”

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते.

२८ मार्च

गेला. ट्रॉलीत गोणपाटावर बसवला. मी वर चढून त्याच्याशेजारी बसले तेव्हा त्याला वाटलं आपण दोघं कुठेतरी निघालोय. मग मी उतरले. तो उठून उभा राहिला. ट्रॅक्टर सुरू झाल्यावर भुंकला नाही, माझ्याकडे बघतच राहिला, वळणापर्यंत.

घरात आल्यावर हे रडले. मोठ्याने, लहान मुलासारखे. मी नाही रडले. मी ताटल्या घासल्या आणि पा. यांचं काय करायचं याचा विचार करत राहिले. खूप दिवसांनी डोकं स्वच्छ झालं होतं.

९ एप्रिल, धार

क्वार्टर बरी आहे. पुढे चार वाफ्यांची जागा. रस्त्यापलीकडे समोरच पा. पहिल्याच सकाळी परडी घेऊन फाटकाशी हजर. म्हणाले, “आलात? छान झालं. आता तुमचा हात लागला की बाग होईल.”

चारही वाफ्यांतली आधीच्या लोकांची तगर आणि कण्हेर मी दुपारी मुळासकट उपटली. नर्सरीतून बोगनवेल आणून लावली, चार रंगांची. देवाला चालत नाही, वास नाही, वर काटे. आमच्या देवाला मी बाजारातून फुलं आणते.

पा. यांच्याकडे पांढरं पॉमेरियन आहे. पोस्टमनला दोनदा चावलंय. त्याला नियम नाही.

१६ एप्रिल

चैत्रगौरीचं हळदीकुंकू केलं. आंब्याची डाळ, पन्हं, कलिंगडाची कमळं, सगळी आरास. अठ्ठावीस घरांना बोलावलं, मराठी-हिंदी सगळ्यांना. एकोणतिसावं घर समोरचं. तिथे गेले नाही. पा. यांची बायको दाराआडून बायकांची रांग बघत होती. आयुष्यात कुणाला हळदीकुंकवाला टाळलं नव्हतं. फार बरं वाटलं.

संध्याकाळी त्यांची मेघना आपणहून आली. तेवीस वर्षांची झाली, कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. बोलावलं नाही याबद्दल चकार शब्द नाही. “काकू, धोंडू जेवतो का नीट तिथे?” एवढंच. मी तिला डाळ दिली. तिच्यावर राग धरायला जमत नाही. बापाचं नाक तिला आहे तरी.

१६ मे

पीपलरावांला जाऊन आले. देवासपर्यंत एक बस, पुढे दुसरी, पुढे चालत. धोंडू वाळलाय थोडा, अंग मात्र टणक झालंय. मला बघितल्यावर जे केलं ते लिहीत नाही. दोन तास माझ्या पदरावर पाय ठेवून बसला, मी उठू नये म्हणून.

रामसिंह वाटेपर्यंत सोडायला आला. म्हणाला, “बेन, बुरो मत मानजो. तम जाओ तो यो तीन दन रोटी नी खाय. अबे मत आवजो.” मागच्या खेपेला, एप्रिलच्या शेवटी, मी गेले होते तेव्हाही तसंच झालं होतं म्हणे.

म्हणजे मी त्याला भेटायचंसुद्धा नाही. हेही त्याच माणसाच्या खात्यात.

१९ सप्टेंबर

गणपतीत समितीची वार्षिक सभा. मी उठून अकराव्या नियमाचं विचारलं, कारण काय म्हणून. पा. म्हणाले, लहान मुलांची सुरक्षितता. मी पोस्टमनचं नाव काढलं. लोक हसले, पण हात वर करायची वेळ आली तेव्हा माझ्या बाजूने तीन. एक माझा, एक चौदा नंबरच्या शर्माजींचा. तिसरा ह्यांचा. ह्यांनी सभेला आलेल्या कारखान्याच्या साहेबांसमोर हात वर केला.

घरी आल्यावर भेंडीची भाजी केली, ह्यांना आवडते तशी परतून.

२ नोव्हेंबर

देवासहून विजयाचा फोन, माझ्या शाळेतली. तिच्या भाच्याला धारच्या पाटणकरांची मुलगी सांगून आली आहे. पाहून झाली, पसंत आहे. तुळशीचं लग्न झालं की ठरवायचं. “तू सात वर्षं शेजारी होतीस. तुझा शब्द म्हणजे शब्द. चौदा तारखेला येतेच मी, समोरासमोर सांग.”

फोन ठेवला आणि खुर्चीवर बसले. आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, नाही वाटली.

मेघनाला फिट्स येतात. यायच्या. ९५ साली आमच्या अंगणात पडली होती. धोंडू भुंकून भुंकून मला बाहेर घेऊन गेला. मीच तिला कुशीवर धरून ठेवलं. तिच्या आईने माझे पाय धरले, कुणाला सांगू नका म्हणून. मी आजवर सांगितलं नाही, ह्यांनासुद्धा नाही. गोळ्या चालू आहेत, चार वर्षांत काही झालेलं नाही, असं मेघनाच मागे एकदा बोलली होती. पण मुलाकडच्यांना सांगितलेलं दिसत नाही. विजयाच्या बोलण्यात कुठेच नव्हतं.

मला खोटं बोलायचंही नाही. फक्त खरं सांगायचं. असा सूड कुणाच्या नशिबी असतो?

८ नोव्हेंबर

पाडवा. दुपारी पा. स्वतः फराळाचा डबा घेऊन आले. एकटे. चौकशीला कोण येणार ते त्यांना कळलेलं दिसतं. सोफ्याच्या काठावर बसले, ओठ सुकलेले. मी पाणी दिलं, चहा विचारला नाही.

बोगनवेल छान फुललीय म्हणाले. थंडी पडायला लागली म्हणाले. शेवटी आले मुद्द्यावर.

“नियम काय वहिनी, आपणच केलेला, आपणच काढू. समितीच्या सह्या घेऊन कागद आणून देतो. धोंडूला घेऊन या तुम्ही.” जरा थांबून, “फक्त आमच्या मेघनाचं तेवढं. तुम्हाला ठाऊकच आहे सगळं.”

स्मरणिकेतलं ते वाक्य सोडलं तर या माणसाने धोंडूचं नाव कधी घेतलं नव्हतं. ‘ते जनावर’ म्हणायचे. मी म्हटलं, “कागद आणा. मग बघू.”

ते गेल्यावर डबा उघडला. चकल्या मऊ. मोलकरणीला दिल्या.

९ नोव्हें.

ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. म्हणाले, त्या पोरीला मध्ये घेऊ नकोस. मी म्हटलं, मी घेतली का? बाप घेऊन आला.

गप्प राहिले की धोंडू घरी. तोंड उघडलं की पा. यांची जिरली. दोन्ही एकदम मिळत नाही. सकाळपासून घरातल्या घरात फेऱ्या मारतेय. मधेच मागच्या ओट्याजवळ त्याचं ताट कुठे ठेवायचं ते ठरवून आले.

१० नोव्हें.

विजयाशी खोटं बोलायचं म्हणजे काय, ते आज भाजी निवडताना नीट समजलं. उद्या त्या घरात ही पोर पडली आणि कुणी तिच्या तोंडात चमचा घातला, कुणी नाकाशी चप्पल धरली, तर? त्या दिवशी देवासला तिची आईच घाबरून तेच करायला धावली होती.

आणि तरीसुद्धा मला धोंडू हवाय. असंच आहे.

१२ नोव्हें.

दुपारी मेघना. दार लावून घेतलं तिने.

“काकू, विजयामावशी येतील तर तुम्ही सांगून द्या. मला छुपवून लग्न नाही करायचं. तिथे गोळ्या काय बाथरूममध्ये जाऊन खाणार का मी, जिंदगीभर?”

तूच का नाही सांगत, मी विचारलं. म्हणाली, बघायला आले तेव्हा बाबा एक मिनिटसुद्धा खोलीतून हलले नाहीत. मुलाचा फोन आला तरी दुसऱ्या फोनवर कान लावून असतात. “तुम्ही सांगितलं तर ते खरं मानतील. तुम्ही खोटं नाही बोलत ना.”

बापाने माझ्याशी काय सौदा केलाय हे तिला माहीत नाही. मी सांगितलं नाही. तिच्या हातात बेसनाचा लाडू ठेवला आणि म्हटलं, बघते. पा. यांनाही मी ‘बघू’च म्हटलं होतं.

१४ नोव्हेंबर, रविवार

दहाला विजया आली. चहा झाला, शाळेच्या गप्पा झाल्या. मग पुढे सरकून बसली. “आता सांग. काही आहे का मुलीत?”

मी म्हटलं, “बापाशी बोललीस, आईशी बोललीस. मुलीशी बोललीस का?” ती म्हणाली, नाही, तसा एकांत मिळालाच नाही.

शर्माजींच्या मुलीला पाठवून मेघनाला बोलावलं. काकूंकडे भरतकामाचा नमुना बघायला, म्हणून. ती आली. दोघींना आतल्या खोलीत बसवलं, पुन्हा चहा ठेवला, दार ओढून घेतलं आणि मी बाहेर वाफ्यापाशी जाऊन उभी राहिले. दारातून काही ऐकू येत होतं ते ऐकायचं नाही म्हणून. वाळलेली पानं वेचत होते, काटे बोचत होते. समोर पा. त्यांच्या व्हरांड्यात येरझारा घालत होते. एकदा फाटकापर्यंत आले, परत गेले. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

पाऊण तासाने विजया बाहेर आली. डोळे लाल होते. “मुलगी धीट आहे,” म्हणाली. “भाच्याला सांगते. त्याचं तो ठरवेल.” होकाराचा चेहरा की नकाराचा, मला ओळखू आलं नाही. मेघना मागच्या दाराने गेली.

बस स्टँडची रिक्षा वळली मात्र, पा. रस्ता ओलांडून माझ्या फाटकाशी. हातात समितीचा कागद.

“काय सांगितलंत तुम्ही?”

“काही नाही.” हे खरं होतं.

“मग मेघना आत काय करत होती?”

“तिलाच विचारा.”

त्यांचा चेहरा पांढरा पडला. धोंडू ट्रॉलीतून गेला त्या दिवसापासून मी याच चेहऱ्याची वाट पाहत होते. काय बोलायचं तेही पाठ होतं, कद, परडी, स्मरणिका, सगळं. एक शब्द आठवेना. मी त्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हते. त्यांच्या हाताकडे बघत होते. तो कागद फाडू नका, एवढंच मनात चाललं होतं. तोंडातून बाहेर पडलं असतं तर मी हात जोडले असते त्या माणसाला.

फाडला नाही. दिलाही नाही. तिथेच उभे राहून त्याची घडी घातली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि घरी गेले. घडी घालताना मला दिसलं, समितीच्या दोघांच्या सह्या झाल्यात. सचिवाची, म्हणजे त्यांचीच, जागा कोरी आहे.